हावरी, गाभण, बुजरी आणि ढगाचं मीटर

मी सोलापुरात ढगाला मीटर बसवतो. हे वाक्य मुद्दाम पहिलं लिहिलंय. आमच्या कट्ट्यावर मी ते पहिल्यांदा बोललो तेव्हा दोघं जण उठून माझ्या थोरल्याला बोलवायला गेले. थोरला आला, माझ्या कपाळाला हात लावून बघितला आणि म्हणाला, "तात्या, घरी चला, ऊन लागलंय." मी गेलो नाही. खरं बोलणाऱ्या माणसानं घरी का जावं?

माझं शिक्षण चौथी. पाचवीची शाळा लांब होती आणि मेंढरं जवळ होती, म्हणून तिथंच थांबलं. हे सगळं मी माझ्या हातानं लिहिलंय. दिवाळी अंकवाले म्हणाले शुद्धलेखन सुधारून घेतो, घ्या म्हटलं. वाचताना जिथं अडखळाल तिथं त्यांनी सुधारलंय असं समजा.

सांगोल्याकडचं गाव सोडून मी मिसरूड फुटायच्या वयात सोलापूरला आलो आणि अक्कलकोट रोडला टॉवेलच्या मागावर लागलो. पुढं जॉबर झालो. जॉबर म्हणजे माग बंद पडला की ज्याच्या नावानं हाका मारतात तो, आणि माग नीट चालला की ज्याची कुणाला आठवण होत नाही तो. मालक तेलुगू होते, आम्ही त्यांना अण्णा म्हणायचो. अण्णा गेले, धंदा बसला, माग भंगारात गेले. माग ट्रकमध्ये चढवत होते तेव्हा मी तिथं थांबलो नाही. मोहोळला पाहुण्यांकडं जाऊन बसलो. परत आलो तर अण्णांची लेक, जिला सगळे आक्का म्हणतात, रिकाम्या शेडमध्ये स्वतः झाडू मारत होती.

"मामा, इथं कॉम्प्युटर लावायचेत," ती म्हणाली. "तुम्ही येणार का?"

"कापड निघंल का त्यातनं?"

"नाही."

"मग धूळ कमी आसंल. येतो."

आता ढग म्हणजे काय ते सांगतो, म्हणजे तुम्हालाही माझ्या थोरल्याला बोलवायला नको. आक्काच्या शेडमध्ये माणसाच्या उंचीची लोखंडी कपाटं आहेत, त्यात कॉम्प्युटर भरलेत. पडदा नाही, बटणं नाहीत, नुसती डबडी. कॉम्प्युटर आक्काचे, वीज आक्काची, गार हवा आक्काची. गिऱ्हाईक आपापल्या गावात बसून तारेतनं ते वापरतं. स्वतःची विहीर नसलेल्यानं शेजाऱ्याच्या विहिरीवर मोटर टाकावी, तसा प्रकार. याला क्लाऊड म्हणतात, म्हणजे ढग. ढग म्हणायचं कारण इतकंच, की आपलं काम कुठं चाललंय ते गिऱ्हाइकाला दिसत नाही. ते पत्र्याच्या शेडमध्ये चाललंय हे दिसलं असतं तर कुणी आलं नसतं.

माझ्याकडं जनरेटर, एसी, वायरी आणि उंदीर. उंदीर वाढवायचे नव्हते, बाकी सगळं चालू ठेवायचं होतं.

माग होते तेव्हा एक सोय होती. शेडच्या दारात उभं राहिलं की कुठला माग थांबलाय ते कानाला कळायचं. हे कॉम्प्युटर सगळे एकसारखे घूं करतात. कोण राबतंय आणि कोण बसून खातंय काही कळत नाही. म्हणून मीटर लागतं.

मीटरचं मला नवं नाही. मागावर आडवा धागा एकदा गेला की त्याला पीक म्हणतात, आणि ते मोजायला अण्णांनी प्रत्येक मागाला मीटर बसवलं होतं. तारा ओढून सगळे आकडे दारापाशी एका बोर्डावर आणलेले. बोर्ड मी बसवला. आमच्यात मल्लेशम नावाचा एक विणकर होता, हुशार. तो चहाला गेला की आडवा धागा काढून टाकायचा आणि माग तसाच चालू ठेवायचा. माग धडधडतोय, आकडा वाढतोय, कापड मात्र जागच्या जागी. मी ओळखलं, पण अण्णांना बोललो नाही. बोर्डाच्या मागं गेलो आणि मल्लेशमची तार शेजारच्या मागाच्या आकड्याला जोडली, शेजारच्याची त्याच्या. शेजारच्याशी त्याचं बोलणं बंद होतं, हे सांगायचं राहिलं. आठवडाभर मल्लेशमच्या चहाचं पुण्य शेजाऱ्याला मिळालं. अण्णांनी सगळ्यांसमोर शेजाऱ्याची पाठ थोपटली. मग मल्लेशम माझ्याकडं आला.

"बिरूमामा, मीटर बिघडलंय."

"व्हय? तुला कसं कळलं रे?"

आता कसं कळलं ते त्याला सांगता येईना. म्हणाला, "असंच वाटलं." मी म्हणालो, "मंग असंच दुरुस्त हुईल." तो चहा पटकन प्यायला लागला आणि मीटर दुरुस्त झालं.

हे सांगायचं कारण, मीटर कुणीही लावतो. कुठला आकडा कुणाचा, हे लावायला डोकं लागतं. तिथंच सगळी गंमत असते.

आक्काची मोठी गिऱ्हाइकं तीन. एक टॉवेल परदेशी पाठवणारे आप्पा. अक्कलकोटकडचे, घरात कन्नड, बाजारात मराठी आणि चिडले की दोन्ही. टॉवेलवरची नक्षी त्यांच्याकडं कॉम्प्युटरवर रंगवतात, एकाच टॉवेलला नाना रंग लावून चित्रं पाठवतात. दुसरे स्कॅनिंग सेंटरचे डॉक्टर. लोकांच्या पोटातले, मणक्यातले फोटो ते आमच्याकडं साठवतात. तिसरे क्लासवाले मास्तर. टेंभुर्णीपासून सोलापूरपर्यंत त्यांचे क्लास, आणि पोरं मोबाईलवर त्यांची परीक्षा देतात.

सकाळच्या वेळी काम रखडायला लागलं. मास्तरांच्या पोरांचा पेपर उघडेना, आप्पांचा टॉवेल निम्माच रंगायचा. आप्पा म्हणायचे डॉक्टर सगळं खातात. डॉक्टर म्हणायचे क्लासवाले खातात. मास्तर म्हणायचे, तो टॉवेलवाला. तिघांनी एकमेकांचं तोंड कधी बघितलं नव्हतं, त्यामुळं भांडण लई मोकळेपणानं चाललं होतं. सगळं आक्काच्या कानात. शेवटी आप्पांनी तिला सांगितलं, महिन्याभरात कोण किती वापरतंय ते दाखव, नाहीतर मी पुण्याच्या कंपनीकडं चाललो.

आप्पा गेले की मागोमाग बाकीचे दोघं जाणार, हे उघड होतं. तिघं गेले की शेड जाणार. आक्काचा धाकटा भाऊ टेप घेऊन लांबी-रुंदी मापूनही गेला होता. त्याला तिथं मंगल कार्यालय काढायचं होतं. स्टेज कुठं येईल ते त्यानं मला हात पसरून दाखवलं. माझ्या जनरेटरच्या जागी. आक्का रात्रंदिवस खपून उभ्या केलेल्या त्या कपाटांकडं बघत राहिली, आणि दुसऱ्या दिवशी तिनं पुण्याहून मीटर मागवलं.

मीटर मागवलं म्हणजे खोक्यातनं काही आलं नाही. तेही तारेतनंच आलं. आणि ते बसवणारा इंजिनीअर, निखिल नावाचा, तो फोनवरनंच येतो. त्याला एकच दिवस मोकळा होता, आणि नेमकी त्याच दिवशी आक्का बहिणीच्या लग्नाला हैदराबादला निघाली होती.

"मामा, तो सांगेल ते अक्षर दाबायचं," ती गाडीत बसताना म्हणाली. "दुसरं काही दाबायचं नाही."

"आनि त्येनं चुकीचं सांगितलं तर?"

"तरी तेच दाबायचं."

मला पटलं नाही. पण लग्नाला निघालेल्या बाईशी वाद घालत नाही मी.

इंग्रजी मला वाचता येत नाही, ओळखता येतं. एखादा माणूस तोंडओळखीचा असतो तसं. निखिल एकेक अक्षर सांगायचा, मी एका बोटानं शोधून दाबायचो.

"आता डॅश द्या, मामा."

"कुटं देऊ?"

"म्हणजे आडवी रेघ."

"मग रेघ म्हना की. येवडी शाळा शिकून रेघंला रेघ म्हनता येत न्हाय व्हय?"

त्यानंतर तो रेघ म्हणायला लागला. शिकवलं की शिकतात पोरं.

काम तसं सरळ आहे. पहिल्यांदा प्रत्येक कॉम्प्युटरमध्ये एक छोटा प्रोग्राम बसवायचा, त्याला एजंट म्हणतात. आमच्या गल्लीत विम्याचा एजंट येतो, ओसरीवर बसून चहा पितो आणि घरात कोण किती कमावतं ते बघून जातो. हाही तेच करतो, चहा सोडून. डोकं किती चाललं, जागा किती अडवली, तारेतनं किती गेलं आणि किती आलं, हे बघतो. मग सगळे एजंट आपापले आकडे मधल्या एका मोठ्या प्रोग्रामला कळवतात. तो गिऱ्हाइकाप्रमाणं बेरीज करतो आणि महिना संपला की ज्याचं त्याला पत्रक पाठवतो. आपलं आपणच. कुणी बटण दाबायचं नाही.

बसवून झालं की तपासायला खोटं काम लावतात. निखिलनं एका कॉम्प्युटरला उगाच मोठे मोठे गुणाकार करायला बसवलं आणि म्हणाला आकडा वाढतोय का बघा. वाढत होता. मला मल्लेशमच आठवला.

मग घड्याळावरनं आमचं जुंपलं.

"मामा, हे परदेशी वेळेवर आहे. यात आपला दिवस पहाटे साडेपाचला सुरू होतोय. बदलूया."

"कशाला? बरोबर हाय की. आमच्याकडं नळाला पानी आलं की दिवस सुरू हुतो."

"रोज येतं का पाणी?"

"न्हाय."

"मग येत नाही त्या दिवशी काय करायचं?"

इथं तो जिंकला. बदललं.

शेवटी गिऱ्हाइकांची नोंद. इंग्रजी खुणा निखिलनं सांगितल्या त्या मी जशाच्या तशा दाबल्या. खाली आणखी एक रकाना होता. निखिल म्हणाला, "हे दिसायचं नाव. मराठीत चालेल. तुम्हाला ओळखता येईल असं काहीही टाका." तुम्हाला ओळखता येईल असं, म्हणाला तो. हे ध्यानात ठेवा, कारण पुढं सगळ्यांनी मला धरलं.

आमच्यात मेंढरं मोजत नाहीत. मोजली की कमी होतात, असं माझा बाप म्हणायचा. पण संध्याकाळी वाड्यात एखादं मेंढरू आलं नाही तर त्याला बरोबर कळायचं, कारण प्रत्येकीला नाव होतं. नाव बारशाचं नव्हे, तिच्या वागण्यावरनं पडलेलं. आधी चरताना बघायचं, मग नाव ठेवायचं. मागांनाही मी तशीच नावं ठेवली होती. तेव्हा गिऱ्हाइकांना वेगळा न्याय लावायचं मला काही कारण दिसलं नाही. कीबोर्डावर आक्कानं मराठी अक्षरं चिकटवलेली होती, ती शोधून शोधून मी लिहिलं.

आप्पांचं काम सुरू झालं की दिसेल तेवढं सगळं घेतं, म्हणून आप्पा: हावरी. डॉक्टर पळत नाहीत, कुणाच्या अध्यातमध्यात नाहीत, पण फोटो साठून साठून रोज थोडे जड होतात, म्हणून डॉक्टर: गाभण. मास्तरांच्याकडं एरवी सामसूम, आणि परीक्षेची घंटा झाली की सगळी पोरं एकदम उधळतात, म्हणून मास्तर: बुजरी. वैरागचा एक धान्याचा व्यापारी होता, त्यानं कुणीतरी सांगितलं म्हणून जागा घेऊन ठेवली होती आणि आजपर्यंत काही वापरलेली नव्हती. गोडाऊन मोकळं असलं तरी आपलं असतं, असं तो म्हणायचा. त्याचं नाव भाकड. मीटर स्वतःही त्याच कॉम्प्युटरवर चालतं, म्हणून त्यालाही नाव लागत होतं. कळप राखणाऱ्याला आमच्याकडं मेंढका म्हणतात. तेच लिहिलं.

"आता दर किती वेळानं मोजायचं तो आकडा," निखिल म्हणाला. "पाच मिनिटं आहे ना? ते तसंच राहू द्या. झालं आपलं काम."

"पाच मिनटं? पाच मिनटात हावरी निम्मं रान खाती."

"कोण हावरी?"

तेवढ्यात त्याला दुसरा फोन आला आणि तो गेला. मी पडद्यापुढं एकटा. पाच मिनिटं डोळे झाकून बसणारा मेंढका मी जन्मात बघितला नव्हता. मी पाच पुसून एक केलं, आणि शेजारी वेळेची यादी होती त्यातलं सगळ्यात खालचं, सगळ्यात बारकं, ते निवडलं. सेकंद. म्हटलं, आता बघू कोण चोरून खातंय.

आक्का आली, आकडे येताना बघून खूश झाली. तिच्या पडद्यावर इंग्रजी खुणा दिसायच्या, तिनं मराठी रकाना उघडलाच नाही. पण काम आधी सकाळीच रखडायचं ते आता दिवसभर रखडायला लागलं. तिघांचे फोन वाढले. आक्का सगळ्यांना एकच सांगायची, महिना भरू द्या, पत्रक येईल, मग बोलू.

महिना भरला. सकाळी सकाळी आक्काचा फोन वाजला, तिनं ऐकलं, ठेवला, परत वाजला. मी एसीची जाळी धूत होतो. ती माझ्यापाशी येऊन उभी राहिली.

"मामा, हावरी कोण?"

"आप्पा."

"आणि गाभण?"

"डाक्टर."

"बुजरी?"

"मास्तर. आनि वैरागचं भाकड. त्येंचा फोन आला का?"

"नाही."

"त्येनी पत्रक बी उघडलं नसंल."

ती खुर्चीत बसली आणि तिनं ओढणीनं तोंड झाकलं. खांदे हलत होते. रडतेय की हसतेय कळेना, म्हणून मी पाणी आणून दिलं. ते दोन्हीला चालतं. ओढणी काढली तेव्हा डोळे ओले होते, पण तेवढ्यावरनं काही ठरवता येईना.

"प्रिय गाभण, आपला या महिन्याचा वापर सोबत जोडला आहे. असं गेलंय मामा डॉक्टरांना."

"मग? सोबत जोडलाय न्हवं?"

"तिघं येतायत. दुपारी. इथं."

दुपारी तिघं आले. इतकी वर्षं तारेतनं आलेली माणसं पहिल्यांदा पायानं आली. आक्काचा भाऊही आला, खिशात टेप घेऊन. मी खुर्च्या मांडल्या. आप्पांना दोन लागल्या असत्या, पण ते बसलेच नाहीत.

"हा नावं ठेवणारा कोण?"

"मी," मी म्हणालो.

"मी हावरी? बाजारात मला लोक उठून नमस्कार करतात. आणि तू मला हावरी लिहितोस? येनिदु?" शेवटचं कन्नडात, म्हणजे हे काय लावलंय.

कोपऱ्यातल्या बारीक, चष्मेवाल्या माणसानं रुमाल तोंडावर धरला. आप्पांनी ते बघितलं.

"तुम्ही कोण?"

"मी," तो माणूस म्हणाला आणि थांबला. "मी डॉक्टर."

"गाभण," मी ओळख करून दिली.

आता मास्तर हसले. आप्पा त्यांच्याकडं वळले, तर मास्तरांनी हात जोडले आणि स्वतःच म्हणाले, "मी बुजरी."

"मामा, माफी मागा," आक्का म्हणाली.

"मागतो. आधी आकडं बघा म्हनावं. आकडं चुकलं आसतील तर मागतो."

आक्कानं मोठा पडदा लावला. मराठी नावांसकट, आता लपवायचं काय राहिलं होतं? सकाळच्या वेळी आप्पांची रेघ उभी चढत होती. दुकान उघडायच्या आधी टॉवेल रंगवायचं सगळं काम ते एकदम लावून देतात. आणि बरोबर त्याच वेळी मास्तरांची रेघ उसळत होती. डॉक्टरांची आपली सपाट, फक्त साठ्याचा आकडा रोज वर.

"म्हणजे माझी पोरं पेपरला बसली की हे टॉवेल रंगवायला घेणार," मास्तर म्हणाले.

"तुमच्या पोरांचा पेपर मला काय माहीत?"

"आता माहीत झाला."

"आणि मी कुणाचंच काही खात नाही," डॉक्टर म्हणाले. "हे तरी मान्य करा."

"खात न्हाईत," मी म्हणालो. "निस्ते वाढतात."

आक्कानं माझ्याकडं असं बघितलं की मी जनरेटरपर्यंत मागं सरकलो.

आप्पा मात्र धंद्यातला माणूस. त्यांनी पडद्याकडं बोट केलं. "हे सकाळचं झालं. पण हा महिना दिवसभर रखडलंय. संध्याकाळी कुणाचा पेपर असतो? संध्याकाळी मी टॉवेल रंगवतो का?"

आक्कानं इकडचं तिकडचं बघितलं, रेघा संध्याकाळी खालीच होत्या. आप्पांनी टोपी नीट केली. "आक्का, तुझ्या वडिलांना मी ओळखत होतो. म्हणून महिना थांबलो. आता पुण्याला फोन करतो." डॉक्टर आणि मास्तर एकमेकांकडं बघायला लागले. भावानं खिशात हात घातला. आक्का पडद्याकडं तोंड करून उभी, आणि तिचा हात कपाटाच्या दारावर होता. अण्णा मागाच्या चौकटीवर ठेवायचे, तसाच. मला पहिल्यांदा वाटलं की नावं जरा सौम्य ठेवायला पाहिजे होती.

मास्तरांना पेपर तपासायची सवय. ते पानाच्या तळापर्यंत वाचतात.

"हा मेंढका कोण?" ते म्हणाले. "आप्पा, तुम्हीच का?"

"मी हावरी," आप्पा म्हणाले.

"मग डॉक्टर?"

"नाही हो. मी तो... दुसरा."

आक्कानं तळाची ओळ उघडली. रेघ पडद्याच्या माथ्याला लागली होती. तिघांची बेरीज केली तरी तिच्या खाली. सकाळी तशीच, संध्याकाळी तशीच, रविवारीही तशीच.

"मामा," ती हळू म्हणाली, "मेंढका कोण?"

"मीटर."

तिनं निखिलला फोन लावला आणि सगळ्यांना ऐकू येईल असा ठेवला. त्यानं पुण्यातनं बघितलं.

"दर सेकंदाला मोजतंय हे. प्रत्येक कॉम्प्युटर, प्रत्येक गोष्ट, दर सेकंदाला विचारून लिहून ठेवतंय. मोजण्यातच सगळा जीव चाललाय. मामा, मी पाच मिनिटं सांगितली होती."

"तुमी सांगितलं, मी ऐकलं," मी म्हणालो. "केलं न्हाय, येवडंच."

आप्पांचं पोट हलायला लागलं. आवाज नंतर आला. ते खाली बसले, खुर्ची करकरली, आणि डोळे पुसत म्हणाले, "आक्का, हा तर माझ्या गोडाऊनच्या सुपरवायझरसारखा निघाला. मालापेक्षा त्याचाच हिशोब मोठा." डॉक्टरांचा रुमाल परत तोंडावर गेला. मास्तर तर भिंतीला टेकले. आक्का हसत होती, आणि या खेपेला नक्की हसतच होती.

मी याला चूक म्हणणार नाही. मेंढक्यानं डोळा झाकायचा नसतो, हे मी आजही म्हणतो. फक्त माणसाचा डोळा वीज खात नाही आणि याचा खातो, एवढं निखिलनं सांगायला पाहिजे होतं.

आक्कानं तिथल्या तिथं पाच मिनिटं केलं. ते करताना मला दोन्ही हात पाठीमागं घ्यायला लावले. मेंढक्याची रेघ खाली बसली तशी बाकीच्यांच्या कामाला वाट मिळाली, ते पडद्यावर दिसलंच. चहा झाला. चहावर तिघांनी रान वाटून घेतलं. सकाळचं मास्तरांचं, दुपारनंतरचं आप्पांचं. डॉक्टरांचे जुने फोटो वेगळ्या कपाटात न्यायचं ठरलं. मंगल कार्यालयाचं मी चहा देताना आप्पांच्या कानावर घातलं होतं. निघताना त्यांनी भावाच्या खिशाकडं बघितलं आणि म्हणाले, "लग्नं दुसरीकडं लावा."

आक्कानं त्याच संध्याकाळी सगळ्यांची नावं बदलली. संपूर्ण नाव, पुढं श्री., मागं कंपनी. छान दिसत होतं, ओळखू मात्र कुणी येत नव्हतं. पुढच्या पत्रकाला आप्पांचा फोन आला. आक्काला नाही, मला.

"मामा, आकडेच आकडे आहेत. काही कळत नाही. मी जास्त खाल्लं का कमी?"

"कमी. हावरी सुधारली."

"आणि गाभण?"

"वाढतीया."

त्यांना बरं वाटलं, ठेवला फोन. संध्याकाळी डॉक्टरांचा आला. त्यांना हावरीचं ऐकायचं होतं. तेव्हापासनं पत्रक आक्का पाठवते आणि वाचून मी दाखवतो.

एक मात्र वाटत राहतं. ते तिघं परत एकत्र आले नाहीत. येण्याचं कारणच उरलं नाही, सगळं सुरळीत चाललंय. त्या दुपारी शेडमध्ये माग होते तेव्हासारखा माणसांचा गलका झाला होता. वरचा पत्रा वाजत होता. आता परत नुसतं घूं. मी कधी कधी दारात उभा राहून ऐकतो आणि कपाटं पुसायला लागतो.

परवा मोहोळचा एक तरुण आला, शीतगृहवाला. द्राक्षं, डाळिंबं ठेवतो, त्याचा हिशोब आमच्या कॉम्प्युटरवर आणायचाय म्हणाला. आप्पांनीच पाठवलं होतं. आक्कानं सगळं समजावून सांगितलं, मीटर दाखवलं, कागद पुढं ठेवला. त्यानं पेन उघडलं आणि तसंच धरून बसला.

"सही करतो," तो म्हणाला. "पण माझं नाव काय ठेवणार, ते आधी सांगा."

आक्कानं माझ्याकडं बघितलं. गप्प बसा, असं ते बघणं होतं.

"आसं आदीच सांगता येत न्हाय, सायब," मी म्हणालो. "म्हैनाभर चरा, मग बगू."

त्यानं सही केली.